रात्रीच्या बिल्डमध्ये युनिट टेस्ट चालवाव्यात की नाही?

पर्वरीकर
मंगळवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. इथे नेहमी वाचतो, लिहितो कमी. पण रात्रीच्या बिल्डमध्ये युनिट टेस्ट (कोडचा एकेक छोटा भाग आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रॅम) चालवायच्या की नाही, यावरून गेले तीन आठवडे आमच्या ऑफिसात वाद चाललाय आणि मला बाहेरच्या अनुभवी लोकांचं मत हवं आहे.

आम्ही गोव्यात पर्वरीला अठरा जण आहोत. हॉटेलांसाठी सॉफ्टवेअर करतो : बुकिंग, खोल्यांचे दर, बिलं, नाइट ऑडिट (रात्री दिवसाचा हिशेब बंद करणं). कळंगुट-कांदोळी पट्ट्यातली मध्यम आकाराची हॉटेलं हे आमचे मुख्य ग्राहक. सगळं जावात आहे. बिल्डच्या पायऱ्या मेव्हन हे साधन चालवतं, आणि ते ठरल्या वेळी आपोआप सुरू करतं जेन्किन्स. रोज रात्री दोन वाजता आपोआप बिल्ड होतं, म्हणजे सगळ्यांचा कोड एकत्र करून वापरायला पॅकेज तयार होतं, आणि सकाळी साडेनऊला टेस्टिंगची मंडळी तेच बिल्ड टाकून कामाला लागतात.

डिसेंबर २०२४ ची गोष्ट. ऐन सीझन. आमच्या एका पायलट हॉटेलला (नवं बिल्ड सगळ्यांत आधी वापरून बघणारं) दर शुक्रवारी रात्रीचं बिल्ड जायचं. शनिवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तिथल्या रिसेप्शनिस्टचा फोन आला. समोर पाहुणे उभे, खोलीचा दर बरोबर ७५०० रुपये, आणि बिलात कर लागलाय १३५० रुपये. तेव्हाच्या नियमाने ७५०० पर्यंत १२ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के जीएसटी होता. म्हणजे कर ९०० व्हायला हवा होता. पाहुण्यांनी काउंटरवरच मोबाइलवर हिशेब करून दाखवला. त्या मुलीला काय उत्तर द्यावं कळेना. तिने आदल्या दोन दिवसांची बिलंही काढून बघितली, ती बरोबर होती.

मी तसाच उठून ऑफिसला गेलो. शोधलं तेव्हा कळलं की दोघांनी दोन वेगळ्या ब्रांचवर, म्हणजे कोडच्या दोन वेगळ्या प्रतींवर, काम केलं होतं. एकाने तुलना ‘पेक्षा कमी किंवा बरोबर’ ची ‘पेक्षा कमी’ केली आणि मर्यादा ७५००.०१ लिहिली. त्याचं त्याच्या जागी बरोबर. दुसऱ्याने सगळ्या मर्यादा कोडमधून काढून सेटिंगच्या फाइलमध्ये नेल्या, तिथे ७५०० लिहिलं. त्याचंही बरोबर. फाइली वेगळ्या, त्यामुळे मर्ज करताना (दोन्ही प्रती एकत्र करताना) गिटने, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने, हूं की चूं केलं नाही. दोन्ही ब्रांचवर टेस्ट हिरव्या (पास) होत्या. एकत्र आल्यावर ७५०० ची खोली वरच्या स्लॅबमध्ये गेली.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. याच आकड्याची टेस्ट आमच्याकडे होती. ‘दर ७५०० असेल तर कर ९००’, एवढी स्पष्ट. रात्रीच्या बिल्डने ती चालवलीच नाही. लॉग उघडला तर प्रत्येक मॉड्यूलखाली एकच ओळ : ‘टेस्ट्स आर स्किप्ड’. आदल्या पावसाळ्यात वीज जाऊन डेटाबेसचा सर्व्हर सारखा बसायचा म्हणून कुणीतरी टेस्ट वगळायचा फ्लॅग टाकला होता, कमिटच्या (कोडमधला बदल नोंदवतानाच्या) संदेशात ‘तात्पुरते’ असं लिहून. तो सहा महिने तिथेच होता.

त्या दिवशी मी फ्लॅग काढला. आता अडचण अशी की टेस्ट सुरू केल्यापासून रात्रीचं बिल्ड वरचेवर पडतं. पडलं की सकाळी टेस्टिंगला द्यायला काहीच नसतं. आमच्या वरिष्ठांचं म्हणणं, ‘दिवसा प्रत्येक कमिटला टेस्ट होतातच, रात्री परत कशाला? काढून टाका.’ मला ते पटत नाही, पण मला ते नीट मांडताही येत नाहीये. तुमच्याकडे काय करतात?

---

वेर्णा_पठार
मंगळवार, रात्री ११:०५

पर्वरीकर, तुमचा प्रसंग वाचून वाईट वाटलं, पण मी तुमच्या वरिष्ठांच्या बाजूचा आहे.

मी वेर्ण्याला बावीस वर्षं फर्मवेअरमध्ये (उपकरणाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) काढली. आमचा नियम असा : युनिट टेस्ट कमिटच्या वेळी, दहा मिनिटांच्या आत. तिथे पडली तर ज्याने कोड लिहिला तो अजून खुर्चीतच असतो, डोक्यात सगळं ताजं असतं, लगेच दुरुस्त होतं. तीच टेस्ट रात्री दोनला पडली तर सकाळी आधी शोधा कुणाचं कमिट, मग तो सुट्टीवर आहे का बघा, मग त्याला आठवतंय का विचारा. दिवसभरात तीस कमिट झाली असतील तर तीसही जण म्हणतात ‘माझं नाही’.

रात्री मशीन रिकामी असते. ती वेळ दिवसा न परवडणाऱ्या टेस्टला द्या. आमच्याकडे रात्री खऱ्या बोर्डावर सहा तास उपकरण चालू ठेवून मेमरी गळते का, म्हणजे वापरलेली मेमरी परत मोकळी व्हायची राहते का, ते बघतात. असली गळती दहा मिनिटांत दिसत नाही, चौथ्या तासाला दिसते. तुमचं बिल पडायचं खरं कारण, मर्ज झाल्यावर मुख्य ब्रांचवर टेस्ट चालल्या नाहीत, हे आहे. ते भोक बुजवा.

---

फर्मागुढी_३
मंगळवार, रात्री ११:३०

मी विद्यार्थी आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर माफ करा. बिल्ड म्हणजे कंपाइल करून पॅकेज तयार करणं ना? मग टेस्ट पडली तर ‘बिल्ड पडलं’ असं का म्हणायचं? पॅकेज तर तयार होऊ शकतं.

---

जुनी_फेरीबोट
बुधवार, सकाळी ७:१५

@फर्मागुढी_३, बाळबोध अजिबात नाही. पर्वरीकरांच्या गाठीचं टोक तिथेच आहे.

थोडं मागचं सांगतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोज एनटी घडत होतं तेव्हा सगळ्यांचा कोड रोज एकत्र करून बिल्ड करायची शिस्त पाडली गेली. तेव्हाची मुख्य भीती अशी की शेकडो माणसांचा कोड एकत्र येताना कंपाइलच होणार नाही. कंपाइल झाल्यावर एक जुजबी तपासणी, तिला स्मोक टेस्ट म्हणायचे. हा शब्द हार्डवेअरवाल्यांचा : प्लग लावा, धूर येत नाही ना बघा. त्या पिढीसाठी ‘बिल्ड झालं’ याचा अर्थ ‘सगळं एकमेकांत बसलं आणि चालू झालं’ एवढाच होता.

जावात युनिट टेस्ट लिहायचं साधन, जेयुनिट, आलं १९९७ मध्ये. केंट बेक आणि एरिक गामा या दोघांनी झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात त्याचा पहिला गाभा लिहिला. त्यानंतर टेस्ट लिहिणं इतकं सोपं झालं की मेव्हनसारख्या साधनांनी टेस्टला बिल्डच्या मधल्या पायरीवरच बसवलं : आधी कंपाइल, मग टेस्ट, मग पॅकेज. टेस्ट पडली की पुढची पायरी चढायचीच नाही. पॅकेज तयार न होण्याचं कारण हा क्रम आहे, आणि तो बदलता येतो.

वेर्णा_पठार यांचं कमिटच्या वेळच्या टेस्टबद्दलचं सगळं मला मान्य आहे. पण ‘दिवसा झाल्या म्हणून रात्री नकोत’ हे मान्य नाही. कोडला कुणी हात लावला नाही तरी कोडच्या भोवतालचं जग बदलतं. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. दोष असलेला कोड एरियान ४ मधून जसाच्या तसा आणलेला होता, तिथे तो वर्षानुवर्षं नीट चालला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही. कुणी म्हणू शकलं असतं की या भागात बदलच नाही, पुन्हा तपासायचं काय.

आपल्या छोट्या जगातही तेच घडतं. एखाद्या लायब्ररीची (आपण वापरतो त्या दुसऱ्यांच्या तयार कोडची) आवृत्ती मोकळी सोडलेली असते, ती रात्रीत वर सरकते. डॉकरची मूळ इमेज, म्हणजे प्रोग्रॅम ज्या तयार वातावरणात चालतो ते, बदलते. आणि तारीख बदलते, हे तर रोजचंच.

---

बकुळ
बुधवार, सकाळी ८:४०

मी टेस्टिंगमध्ये आहे, नऊ वर्षं झाली. फोंड्याहून पणजीला जाते. आमची बाजूही ऐका.

साडेनऊला आम्ही चौघी बसतो आणि मेल येते : बिल्ड फेल्ड. का, तर चारशे टेस्टमधली एक पडली, तीही रिपोर्टच्या पानावरची तारीख कशी छापायची याची. मला त्या दिवशी चेक-आउट तपासायचं असतं. त्या टेस्टचा माझ्या कामाशी काही संबंध नसतो. पण पॅकेजच नाही. डेव्हलपर अकराला येतात, साडेबाराला दुरुस्ती, दोनला बिल्ड. चार माणसांची अर्धी पाळी गेली. हे आठवड्यातून दोनदा झालं की कोण म्हणणार नाही, टेस्ट काढा म्हणून?

तरीही पर्वरीकर, टेस्ट काढू नका, असंच मी सांगेन. टेस्ट न चाललेलं बिल्ड आमच्या हातात येतं तेव्हा आम्ही दिवसभर जे शोधतो त्यातलं अर्धं मशीनने दोन मिनिटांत शोधलं असतं. माझं मागणं एवढंच : मला पॅकेज द्या, आणि त्याच्यासोबत काय पडलंय त्याची यादी द्या. मग कुठल्या भागाला हात लावायचा नाही ते मी ठरवते.

---

साळ_नदी
बुधवार, दुपारी १:१०

बकुळताईंनी मागितलंय ते जेन्किन्समध्ये आधीपासून आहे, लोक वापरत नाहीत.

मेव्हनला ‘टेस्ट पडली तरी पुढे जा’ असं सांगणारी सेटिंग आहे, टेस्ट-फेल्युअर-इग्नोर. तिने टेस्ट चालतात, निकाल नोंदला जातो, पॅकेजही तयार होतं. मग जेन्किन्सचं जेयुनिट प्लगइन निकालाच्या फाइली वाचतं आणि बिल्डला लाल न करता पिवळं करतं, ‘अनस्टेबल’. लाल म्हणजे पॅकेजच नाही. पिवळं म्हणजे पॅकेज आहे पण टेस्ट पडल्यात. हिरवं म्हणजे दोन्ही ठीक. टेस्टिंगला पिवळं चालेल. ग्राहकाकडे जाणाऱ्या जॉबला फक्त हिरवं उचलायची अट घाला. पर्वरीकर, तुमच्या पायलट हॉटेलला त्या शुक्रवारी पिवळं बिल्ड गेलंच नसतं.

नावं सारखी दिसतात म्हणून एक इशारा. स्किपटेस्ट्स लावलं तर टेस्टचा कोड कंपाइल होतो, चालत मात्र नाही. दुसरा फ्लॅग आहे मेव्हन-टेस्ट-स्किप, त्याने टेस्टचा कोड कंपाइलसुद्धा होत नाही. हा दुसरा जर सहा महिने राहिला तर तोवर टेस्ट इतक्या मागे पडतात की नंतर सुरू करायला गेलं तर कंपाइलच होत नाहीत. मडगावला आमच्या एका प्रोजेक्टमध्ये हे झालं, आणि ते निस्तरायला मला पाच दिवस लागले.

पर्वरीकर, एक विचारायचं आहे. रात्री ‘वरचेवर पडतं’ म्हणता, ते नेमक्या कुठल्या टेस्ट? रोज त्याच की वेगवेगळ्या?

---

पर्वरीकर
बुधवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. साळ_नदी, तुमचा प्रश्न वाचून मागचे तीस लॉग काढले. बहुतेक वेळा त्याच सहा टेस्ट आहेत, सगळ्या ‘आजचे आगमन’ या यादीच्या. दिवसा मी हाताने चालवल्या, दहाच्या दहा वेळा हिरव्या. रात्री जवळपास रोज लाल. टीममधले म्हणतात या टेस्ट बेभरवशाच्या आहेत, डिसेबल करून टाकूया.

---

साळ_नदी
बुधवार, रात्री १०:०५

थांबा, डिसेबल करू नका. तुमचा बिल्ड सर्व्हर क्लाउडवर आहे का? त्याचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे का बघा. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. रात्री दोन वाजता तिथे आदल्या तारखेचे साडेआठ वाजलेले असतात. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत भारताची तारीख आणि सर्व्हरची तारीख वेगळी असते, बाकी दिवसभर सारखी. दिवसा हिरवं, रात्री लाल, याचा अर्थ मला तरी हाच दिसतो.

---

वेर्णा_पठार
बुधवार, रात्री १०:३०

हे खरं निघालं तर मला माझं पहिलं मत बदलावं लागेल. कमिट दिवसाच होतात, म्हणजे कमिटच्या वेळची टेस्ट ही चूक कधीच पकडू शकणार नव्हती.

---

फर्मागुढी_३
बुधवार, रात्री १०:४५

पण ही टेस्टची चूक झाली ना, सॉफ्टवेअरची नाही? सर्व्हरचं घड्याळ बदललं की झालं.

---

पर्वरीकर
शुक्रवार, रात्री ११:३०

उशिरा लिहितोय, दोन दिवस याच्यातच होतो.

साळ_नदी, तुमचं निदान तंतोतंत. बिल्ड सर्व्हर यूटीसीवर आहे. जेन्किन्सच्या वेळापत्रकात ‘आशिया-कोलकाता’ लिहिलेलं असल्यामुळे जॉब बरोबर आपल्या दोनला सुटतो, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. टेस्ट ‘आज’ काढते भारताच्या वेळेने. आणि आगमनाची यादी करणारा कोड ‘आज’ काढतो सर्व्हरच्या वेळेने.

फर्मागुढी_३, तुझ्यासारखंच मलाही आधी वाटलं. मग लक्षात आलं, दोघांत टेस्ट बरोबर आहे आणि कोड चुकलाय. आमच्या ग्राहकांपैकी ज्यांचं सॉफ्टवेअर क्लाउडवर चालतं, त्या सर्व्हरांचं घड्याळही यूटीसीवरच आहे. म्हणजे रात्री दीडला मोप्याच्या विमानतळावर उतरलेला पाहुणा अडीचला कांदोळीच्या हॉटेलात पोचला, की रिसेप्शनच्या पडद्यावर आदल्या दिवसाची यादी.

त्यात हॉटेलचा स्वतःचा ‘व्यवसायाचा दिवस’ असतो, तो नाइट ऑडिट झाल्यावरच पुढे सरकतो, मध्यरात्रीला नाही. त्यामुळे रात्रपाळीच्या लोकांना आदली तारीख दिसण्याची सवय आहे. ऑडिट लवकर झालेलं असो वा उशिरा, त्यांना वाटायचं ऑडिट बाकी असेल. मी काल एका हॉटेलच्या रात्रपाळीच्या माणसाशी बोललो. तो म्हणाला, ‘पहाटे यादीत नाव मिळत नाही, मग आम्ही वॉक-इन (आधी बुकिंग न करता आलेला पाहुणा) म्हणून नवीन बुकिंग करतो आणि सकाळी मॅनेजर दोन्ही जुळवतो.’ तीन सीझन ते हे हाताने जुळवत आले आहेत. एकदाही तक्रार केली नाही.

त्या सहा टेस्ट रोज रात्री खरं सांगत होत्या आणि आम्ही त्यांना बेभरवशाच्या म्हणत होतो. दोन दिवस हे माझ्या मनातून जात नाहीये.

---

बकुळ
शनिवार, सकाळी ७:५०

आम्ही टेस्टर दिवसाच काम करतो. आमच्यातल्या कुणालाही हे कधीच सापडलं नसतं.

---

जुनी_फेरीबोट
शनिवार, सकाळी ९:२०

पर्वरीकर, छान काम केलंत. वरिष्ठांना हीच हकीकत सांगा, वेगळा युक्तिवाद लागणार नाही.

‘बेभरवशाची टेस्ट’ या शब्दाबद्दल थोडं. खरोखर बेभरवशाच्या टेस्ट असतात, नाकारत नाही. गूगलने २०१६ मध्ये स्वतःच लिहिलं होतं की त्यांच्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार बेभरवसा आहे. तेव्हा एखादी टेस्ट कधी हिरवी कधी लाल झाली तर चकित होऊ नये. पण तिच्यावर शिक्का मारण्याआधी ती कधी पडते ते लिहून ठेवावं : किती वाजता, कुठल्या मशीनवर, कुठल्या टेस्टच्या पाठोपाठ. रात्रीच्या बिल्डचा मला वाटणारा मोठा उपयोग हा. रोज त्याच वेळी, कोड नव्याने उतरवून, त्याच टेस्ट चालतात, त्यामुळे महिनाभराची नोंद आपोआप तयार होते. दिवसाच्या कमिटची वेळ दर वेळी वेगळी असते, म्हणून तिथे असा नमुना डोळ्यांना दिसत नाही.

आणि वेर्णा_पठार, तुमच्या लांबच्या टेस्टना माझा विरोध नाही. युनिट टेस्टना किती वेळ लागणार, पंधरावीस मिनिटं. त्या आधी चालू द्या, मग उरलेली रात्र तुमच्या बोर्डाला.

---

वेर्णा_पठार
शनिवार, सकाळी १०:००

मान्य. तोच क्रम ठेवावा, युनिट टेस्ट आधी. सहा तासांची टेस्ट सुरू करण्याआधी दोन मिनिटांत कळलं की पायाच डळमळीत आहे, तर त्या सहा तासांच्या निकालाकडे कसं बघायचं तेही कळतं.

एक अट मात्र मी सोडणार नाही. सकाळी तो निकाल बघायचं काम एका माणसाच्या नावावर हवं. ‘सगळ्यांना मेल जाते’ म्हणजे कुणी वाचत नाही. आमच्याकडे आठवड्याची पाळी असते. ज्याची पाळी त्याने पिवळ्या बिल्डचा मालक शोधायचा. दुरुस्त करणं त्याचं काम नाही, शोधून त्या माणसापर्यंत पोचवणं त्याचं.

---

साळ_नदी
शनिवार, दुपारी १२:१५

+१. आणि वगळलेल्या टेस्टचा आकडाही त्याच मेलमध्ये वरच छापा. पडलेल्या किती, वगळलेल्या किती. पर्वरीकरांच्या लॉगमध्ये ‘स्किप्ड’ सहा महिने लिहिलेलं होतं, पण लॉग उघडतो कोण?

---

फर्मागुढी_३
शनिवार, दुपारी ४:३०

एक शेवटचा प्रश्न. आमच्या सरांनी शिकवलं की टेस्टमध्ये खरं घड्याळ वापरू नये, घड्याळ बाहेरून द्यावं आणि वेळ गोठवावी. तसं केलं असतं तर पर्वरीकर सरांच्या टेस्ट रात्रीसुद्धा हिरव्याच राहिल्या असत्या, आणि चूक लपली असती. मग काय बरोबर?

---

जुनी_फेरीबोट
शनिवार, संध्याकाळी ६:१०

तुझे सर बरोबर सांगतात. घड्याळ बाहेरूनच द्यायचं. पण मग कुठल्या वेळा गोठवायच्या ते विचार करून निवडायचं. सोयीची दुपारची बारा नको. रात्री ११:५९, १२:०१, पहाटे ५:२९, ५:३१, महिनाअखेर, ३१ मार्च, २९ फेब्रुवारी. आणि टाइमझोनही द्यायचा, एकदा कोलकाता, एकदा यूटीसी. असं केलं तर ही चूक भर दुपारी कमिटच्या वेळीच सापडते.

फक्त, या वेळा कुणाला तरी आधी सुचाव्या लागतात. पर्वरीकरांच्या टीमला पहाटेची वेळ सुचली नव्हती. रात्रीच्या बिल्डला ती सुचावी लागली नाही, ते त्या वेळी जागंच होतं.

---

पर्वरीकर
सोमवार, रात्री १०:४०

आज वरिष्ठांशी बोललो. रात्रपाळीच्या त्या माणसाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘टेस्ट राहू दे. पण सकाळचं पॅकेज चुकता कामा नये.’

आता केलेलं असं : टेस्ट चालणार, पडल्या तर बिल्ड पिवळं, पॅकेज तयार. पायलटला फक्त हिरवं. मर्ज झाल्यावर मुख्य ब्रांचवरही टेस्ट. आगमनाच्या यादीचा कोड हॉटेलच्या टाइमझोनने तारीख काढतो, आणि पहाटेच्या चार गोठवलेल्या वेळांच्या टेस्ट लिहिल्यात. सप्टेंबर २०२५ पासून ७५०० पर्यंतच्या खोल्यांना ५ टक्के झाला, तेव्हा कराची जुनी टेस्ट कुणीतरी गाळली होती, तीही नव्या आकड्याने परत आणली : ७५०० ला कर ३७५. बिल्ड सर्व्हर मुद्दाम यूटीसीवरच ठेवलाय, कारण ग्राहकांचे तसेच आहेत.

या आठवड्याची पाळी माझी. पावणेदहाला मेल बघून उत्तर द्यायचं ठरलंय.

---

बकुळ
सोमवार, रात्री ११:०५

पावणेदहा नको, सव्वानऊ करा. आम्ही साडेनऊला बसतो.

---

पर्वरीकर
सोमवार, रात्री ११:०८

सव्वानऊ. बदललं.